दोन सूत कमी

अप्पांचा हात कापायला लागला
आणि कापायचं काम माझ्याकडे आलं.
उदगीरला, चौबाऱ्याच्या मागच्या गल्लीत,
पाटी अजून 'गुरुपाद ग्लास अँड फ्रेम',
आत मी,
पोत्यांवर कलत्या उभ्या काचा,
आणि रॉकेलच्या डबीत नाक बुडवून बसलेली
हिरकणी.

काचेचं एक असतं.
रेघ एकदाच ओढायची.
लाकूड समजून घेतं, पुन्हा रंधा मारू देतं.
कापड शिवणीत चूक पोटात घालतं.
काच नाही.
त्याच रेघेवर दुसऱ्यांदा हिरकणी फिरली
की ती तिच्या मनाला येईल तिकडे उलते.

आणि मी तर
कुलूप लावून अर्ध्या रस्त्यातून परत येणारी.
पेपरात बरोबर उत्तर खोडून
शेजारणीचं चुकीचं लिहून आलेली.
माप घ्यायचं, मग पुण्याला दादाला फोन,
मग समोरच्या झेरॉक्सवाल्या तन्वीरला हाक,
"बघ की रे, एकोणीस आणि तीनच आहे न्हवं?"
"आहे की, अक्का."
मग मी परत टेप लावायची.
पहिल्या वर्षी भंगारवाल्यानं
माझ्या शंका किलोवर नेल्या.

मग देगलूर रोडवरच्या औषध दुकानाचं काम आलं.
काउंटरची काच, दहा एमएम, अख्खी,
बिदरहून एकच आलेली.
संग्राम मिस्त्रीच्या चिठ्ठीवर एकेचाळीस इंच.
माझ्या टेपवर चाळीस आणि सहा सूत.
मागची भिंत मधेच पोट काढून उभी होती,
मला दिसत होतं ते पोट,
हात फिरवला तर लागतही होतं.
मिस्त्री म्हणाला, "ताई,
तीस वर्षं झाली, रंधा मारूलालो मी."
दादा फोनवर म्हणाला,
"त्याचंच माप काप. फुटली तर त्याच्या नावावर."

त्याच्या नावावर.
किती सोयीचं.
आणि किती दिवसांची सवय.

मागच्या खोलीत गेले.
अप्पांच्या हातातल्या पेल्यात पाणी
पेल्याआधी हलत होतं.
ते म्हणाले, "तुला किती आलं?"
"चाळीस. सहा सूत."
"मग मला कशाला विचारूलालीस?"
आणि भिंतीकडे कूस वळवली.

रागच आला त्यांचा.
त्या रागातच मी पट्टी ठेवली,
हिरकणी पुसली,
आणि ओढली.
मांजरपाट फाडल्यासारखा लांब आवाज.
अर्ध्यात आले तेव्हा ती आलीच, नेहमीची,
कोपराला धरून, "थांब, अजून एकदा बघ."
तिला म्हटलं, बाई, आलीस तर त्या पोत्यावर बस,
रेघ संपली की बोलू.
बसली. गेली नाही, पण बसली.
खालून टिचकी दिली
आणि काच सरळ दोन झाली,
घरच्या माणसांनी न भांडता वाटणी करावी तशी.

काउंटरवर ती भिंतीच्या पोटाला
घासून गेली, पण गेली.
मिस्त्री काही बोलला नाही.
चिठ्ठीची बारीक घडी करून खिशात ठेवली,
कानावरची पेन्सिल उगाच दुसऱ्या कानावर.

परवाचं मात्र वेगळं.
एका लग्नाच्या फोटोची काच
मी अर्धा इंच तोकडी कापली.
कुणाला न विचारता. एकदम ठाम.
तन्वीर दारात उभा राहून हसला,
मग मीही.
तुकडे उचलताना बोट चिरलं,
ते तोंडात धरूनच वही काढली.

नुकसानीच्या त्या वहीत आजवर
काय काय होतं:
टेप जुना, उजेड कमी,
गिऱ्हाईकानं माप चुकीचं दिलं,
दादानं घाई केली.
खाली लिहिलं:
काच एक. दीडशे रुपये. महानंदा.

अक्षर जरा मोठंच आलं.